पूर्ण समाधानी

“नानचा तुकडा मोडल्याशिवाय दारातून परत जायचं नसतं गं पोरी,” गेल्या वसंतात बुरुल अपा म्हणाल्या होत्या. यंदा नारीन शहरातल्या त्याच दारात मी पुन्हा सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन उभी होते. आतून ताज्या नानचा वास येत होता, पण अपांनी उंबरा अडवून धरला होता.

“राष्ट्राध्यक्षांच्या कामावर समाधानी आहात?”

“पूर्ण.”

“आणि महागाईबद्दल?”

“पूर्ण. सगळीकडे पूर्णच लिही आणि निघ.”

“अपा, खरं सांगा. उत्तरं गुप्त असतात.”

“हेच माझ्या लेकाला, उलानला सांगितलं होतंस. तो ‘अजिबात समाधानी नाही’ म्हणाला, वर तुला चहा पाजला. आठवड्याच्या आत त्याला उचलून नेलं. कुठल्या तुरुंगात आहे, तेही कळू देत नाहीत. शेजारीण म्हणते, नुरगुल, तूच त्याचं नाव दिलंस.”

मी फॉर्म मिटला. वर्षभर गिळलेलं ओठांवर आलं.

“नाव नव्हतं दिलं, अपा. पडताळणीसाठी घराचा नंबर तेवढा लिहिला होता.”