सगळं मीच वाजवलं

पलीकडच्या म्हातारीनं भिंतीवर काठी आपटली, तेव्हा तो कपाटात उभा राहून गात होता.

कपाटात म्हणजे अगदी कपड्यांच्या कपाटातच. दोन्ही बाजूंना रजया टांगलेल्या, तोंडापुढे माईक, नाकापुढे बायकोचा थंडीतला कोट. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून ही युक्ती. आत उकडायचं इतकं की गाणं संपेपर्यंत तो बटाट्यासारखा शिजून निघायचा, फक्त सोलायचा बाकी.

शब्द त्याचे, चाल त्याची, गिटार त्याची, पोस्टरही त्यानंच काढलेलं. गाणं इंटरनेटवर चढवायचं त्यानंच, आणि मग दिसेल त्याला "ऐकलंस का?" विचारून भंडावून सोडायचं तेही त्यानंच. दाताच्या डॉक्टरलासुद्धा विचारलं होतं, तोंडात चिमटा असताना. तरी त्याची गाणी ऐकणारे सगळे मिळून एका सोफ्यावर मावले असते, आणि त्यातला सासरा मधेच उठून गेला असता.

"हे शेवटचं," बायकोनं बजावून ठेवलं होतं. "नाही चाललं, तर दादाच्या फरशीच्या दुकानात बसायचं. गुपचूप."

"बसेन की. पण चाललं तर?"

"चाललं तर माझा कोट तुला. नाहीतरी त्याला तुझ्याच घामाचा वास येतो."

म्हातारीचं नि त्याचं भांडण जुनं. एकटीच राहायची. त्यानं सूर लावला की ही भिंत बडवायची, धडाधड, गालिचा झटकावा तशी. मग तो मुद्दाम आणखी वर चढायचा. जिन्यात गाठ पडली की म्हणायची, "काय रे गवया, घसा कसा बसत नाही तुझा?"

"तुमचा हात कसा दुखत नाही, मावशी?"

दोघांनाही त्यात मजा यायची. पण कबूल कोण करणार?

त्या बुधवारी दुपारी मात्र तिची तऱ्हा वेगळी होती. दोन ठोके लागोपाठ, मग थांबून एक. पुन्हा दोन, थांबून एक. सावकाश, जड.

"आज अगदी तालात आलीय," तो पुटपुटला. तो मधे थांबला, तेव्हा ठोके जरा जोरात आले. "नाही बंद करत, जा!" असं भिंतीला ऐकवून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बायको कामावरून आली आणि दोघांनी धावतपळत बस गाठली. महिनाभर गावोगाव हिंडून गाण्याची जाहिरात करायची होती. कॉफीच्या दुकानात, पुस्तकांच्या दुकानात, एका ठिकाणी तर केस कापायच्या दुकानात. गाणार तो, पोस्टर चिकटवणार ती.

बसमध्ये त्यानं कानाला हेडफोन लावले. रजयांना न जुमानता ठोके रेकॉर्डिंगमध्ये शिरले होते. शिव्या घालत तो ते पुसायला गेला, आणि बोट तसंच राहिलं. इतके दिवस गाणं नुसतं उभं होतं. आता ते चालत होतं.

त्यानं त्यातले चांगले ठोके निवडले, गाण्यात सगळीकडे फिरवले, आणि बसमधूनच गाणं चढवून दिलं.

आणि चाललं की हो! व्यायामशाळेत वाजलं, लिफ्टमध्ये वाजलं. पोरं बाकांवर दोन-आणि-एक बडवायला लागली, आणि एका शाळेत म्हणे बाकंच बदलावी लागली. सासऱ्यानं स्वतःहून फोन केला आणि "जावईबापू" म्हणाला. लग्नातसुद्धा म्हणाला नव्हता.

रेडिओवरच्या बाईनं विचारलं, "तो ड्रम कोणी वाजवलाय? सगळे तेच विचारतात."

तो क्षणभर घुटमळला. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'एकट्यानं केलेलं गाणं'.

"मीच," तो म्हणाला. "सगळं मीच वाजवलं. निघालो त्या बुधवारी दुपारी, घरी, एका बैठकीत. आता रविवारी परत जातोय, की पुढचं सुरू."

रविवारी घरी आले, तर पलीकडच्या दाराला कुलूप.

"लेकीकडे गेली असेल," बायको म्हणाली. "तिनं ऐकलं ना, तर म्हणेल पोस्टरवर माझंही नाव घाल."

ती हसली. तो हसला नाही. काठी तिची असली तरी भिंत आपलीही आहे, हे उत्तर त्यानं प्रवासातच तयार ठेवलं होतं.

बॅगा उघडतायत तोवर दार वाजलं. म्हातारीची मुलगी होती. जिन्यात क्वचित दिसायची, तेवढीच ओळख.

"आज परत येणार, असं रेडिओवर म्हणालात, म्हणून आले," ती म्हणाली. "तो ठेका आईचा आहे. दोन आणि एक. लहानपणापासून मला हाक मारायची तशी. तिच्या खोलीतून माझ्या खोलीत."

"हे बघा ताई, भिंत आमचीही आहे. आणि त्यांनी काही गाण्यासाठी ठोकलं नव्हतं, गाणं बंद पाडायला ठोकलं होतं. नाव-बिव हवं असेल तर..."

"नाव नको."

"मग मावशींनाच पाठवा की. आम्ही दोघं काय ते बघून घेऊ. कुठे आहेत त्या?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. बायकोनं हातातले कपडे खाली ठेवले.

"आई तुमच्या भिंतीला लागून पडली होती," मुलगी म्हणाली. "त्याच बुधवारी. ती फोन उचलेना, म्हणून दुसऱ्या दिवशी येऊन मी दार फोडलं. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्याच गेली असेल, तिला काही कळलंही नसेल. त्याच आधारावर झोप लागत होती मला."

त्यानं हातातले हेडफोन बॅगेत सारले.

"न कापलेलं रेकॉर्डिंग असेल ना तुमच्याकडे? मला फक्त एवढंच सांगा. किती वेळ वाजवत होती ती?"