तुतीवरचे पाहुणे

निसर्गापुढे माणूस म्हणजे कस्पट, असं देवरामांनी सकाळी फोनवर जाहीर केलं. पलीकडून मीराबाईंनी विचारलं, दुधाखालचा गॅस बंद केलात का. केला नव्हता.

ओटा पुसून देवराम पुन्हा बागेतल्या खुर्चीत येऊन बसले. बाग म्हणजे बाळकुमच्या सोसायटीत तळमजल्याच्या फ्लॅटला मागच्या दारी मिळालेला हातरुमालाएवढा तुकडा. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, म्हणून त्यांनी टोपी पुढे ओढली, मांडीवरचं पक्ष्यांचं पुस्तक उघडलं आणि बायकोला सांगायला लागले. आज तुतीवर बुलबुलांची जोडी आलेली. नर आधी, मादी मागाहून.

"नर कुठला ते कसं ओळखलंत? दोघं सारखीच तर दिसतात," मीराबाई म्हणाल्या.

देवरामांनी पुस्तकाचं एक पान उलटलं. मग म्हणाले, "पिकलेली तुती त्याने आधी तिला दिली ना."

"मग बरोबर. नवरा असता तर स्वतः खाऊन देठ तेवढा पुढे केला असता."

जानेवारीत मीराबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर मुलीने, प्रीतीने, त्यांना शहाडला आपल्या घरी नेलं. आता मार्च उजाडला होता. प्रीतीकडे दिवसभराची बाई होती, बाथरूममध्ये धरायला दांडे होते आणि जावई कमी बोलणारा होता. आईने आता कायमचं इथेच राहावं, असं प्रीतीचं म्हणणं. मीराबाई त्यावर हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या.

देवरामांचा जीव तिथे टांगलेला होता. घर त्यांना खायला उठायचं. डब्यातली भाजी कसली आहे हे ते झाकणाला विचारायचे. आणि तरीही, येऊ का, असं मीराबाईंनी विचारलं की ते हटकून म्हणायचे, "घाई नको. हाड नीट जुळू दे."

त्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी महिपत यांनी तर्क काढला की म्हाताऱ्याला ब्रह्मचर्य मानवलंय. महिपतांशी देवरामांचं हल्ली बरं चाललं होतं. कुंपणापलीकडे त्यांची पांढरी गाडी उभी असे आणि तुती खाल्लेल्या पक्ष्यांनी ती आजवर दर मोसमात जांभळी केलेली. यंदा गाडी चकचकीत होती आणि महिपतांचा चेहराही. देवराम दिसले की ते आपण होऊन नमस्कार करायचे. देवराम तो नमस्कार घ्यायचे आणि तोंड फिरवून आत जायचे.

खरं तर या पक्ष्यांत देवरामांना कधी रस नव्हता. मीराबाई सकाळी हातात चहा घेऊन मागच्या दारात उभ्या राहायच्या आणि हळूच हाक मारायच्या, अहो, या ना, तांबट आलाय. देवराम पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, त्याला म्हणावं बस. कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी मांडण्यात जन्म काढलेला माणूस. येणाऱ्याजाणाऱ्याकडे फुकट बघत बसणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. वाळत घातलेल्या शर्टांवर डाग पडले की मात्र ते झाडाचा आणि झाड लावणारीचा एकत्र उद्धार करत. मीराबाई डाग लिंबाने घासत बसायच्या.

आता त्याच देवरामांना तांबटाच्या कपाळावरचा लाल टिळा पाठ झाला होता. हळद्या मागाहून येतो, कोकिळा लपून खाते, मैना भांडतात, सगळं ते रोज रंगवून सांगत. पलीकडून मीराबाई ऐकत राहायच्या. फोन त्यांनी कधी आधी ठेवला नाही.

एका रविवारी दोन बस बदलून देवराम डबाभर तुती घेऊन शहाडला गेले. मीराबाईंनी एक तोंडात टाकली.

"यंदा गोड झाल्यात. आपल्या आंबटच असायच्या," त्या म्हणाल्या.

यंदा ऊन जास्त आहे, असं देवरामांनी सांगितलं. मीराबाईंनी मान डोलावली आणि सगळा डबा संपवला. निघताना प्रीतीने बाबांना जिन्यात गाठून सांगितलं, आईला इथेच ठेवायचं का ते एकदा ठरवा. देवराम म्हणाले, तिला विचार. खाली उतरल्यावर, रिक्षा समोर उभी असूनही ते बराच वेळ नुसते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन लावला. बुलबुल नाही की तांबट नाही. एकदम म्हणाले, "मीरा, तू हाक मारायचीस ना, तेव्हा मी उठून यायला हवं होतं."



"प्रीतीला सांगितलंय मी," मीराबाई म्हणाल्या. "या रविवारी घरी येतेय. चहा लागतो सकाळी मागच्या दारी, तो इथे कुठला मिळणार?"

घाई नको, हे ओठावर आलेलं देवरामांनी गिळलं. "अगं, येण्याआधी मला तुला एक सांगायचंय. म्हणजे तू रागावशील. कदाचित येणारही नाहीस..."

"राहू द्या. पुस्तक तेवढं जपून ठेवा, दोघं मिळून बघू," मीराबाई म्हणाल्या. "आणि एक करा. त्या तुतीच्या खुंटावर एखादी कुंडी पालथी घालून ठेवा, नाहीतर माझा वॉकर अडकेल."