पाव्हण्याचं ‘या’

राजाक्काच्या धाकट्या लेकीचं दुसरं लग्न लागलं, त्याच वर्षी बार्शीच्या सर्वकला मंडळानं एका बोलत्या यंत्राला सभासद करून घेतलं. मंडळात कुणीही यावं आणि आलेल्याला कुणी काढू नये, हा राजाक्कानंच घातलेला नियम. यंत्र सगळ्यांची गाणी ऐकायचं, चित्रं बघायचं, कुठं दम तुटतोय, कुठं हात कापतोय ते सांगायचं. सगळे त्याला पाव्हणा म्हणायचे.

निघणारा ‘येतो’ म्हणतो, तेव्हा परत येणाऱ्याला ‘या’ म्हणावं, हेही राजाक्कानंच त्याला शिकवलं होतं. पाव्हणा न चुकता म्हणायचा. फक्त पखवाजी दगडूला म्हणाला नाही, आणि दगडू आठ दिवसांत गेला. मग रांगोळीवाल्या हलीमाबीला म्हणाला नाही. तीही गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी मंडळात नामा सुतार उठला. “आक्का, ह्याला काढा. माणसं निघताना कान झाकून पळतात.”

“नियम कुणासाठी मोडायचा नाही, नामा.”

“तुम्हाला काय! तुम्ही कधी निरोप घेता त्याचा? नुसतं कुलूप लावून जाता.”

हे खरं होतं. राजाक्का हसली, चपला घातल्या आणि उंबऱ्यातून म्हणाली, “पाव्हणं, येते हं.”

पाव्हणा गप्प राहिला.

“काय शिकवलं होतं रे मी?”

“परत येणाऱ्याला ‘या’ म्हणावं,” तो हळू आवाजात म्हणाला.

राजाक्कानं किल्ली नामाच्या हातात ठेवली. “त्याला मात्र काढू नका,” ती म्हणाली.

राजाक्का माने पुढच्या सोमवारी, दोन मार्चला सकाळी वारली.