नोराच्या घरचं कोणी

"तुम्ही माणसं कोंडून मारताय आणि वर त्याला काळजी म्हणताय!" बीट्रिस फोनवर ओरडली.

पलीकडे वृद्धाश्रमाचा मॅनेजर होता. त्याने आवाज चढवला नाही. "नियम मी केलेले नाहीत, मॅडम. माणूस शेवटाला आला असेल तर घरच्या एकाला आत सोडतो. तुम्ही शेजारी."

"त्याला घरचं कोणी नाही, म्हणून तर मी आहे ना!"

"खरंच कोणी नाही," मॅनेजर म्हणाला. "असतं तर मला कळलं असतं."

फोन बंद.

नियम ही मोठी सोयीची वस्तू. मागे लपायला कोणालाही जागा होते. कोरोनाच्या त्या हिवाळ्यात मेलबर्नमध्ये पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती, आणि विल्यम्सटाउनचं बंदर बीट्रिसच्या वेरिबीतल्या घरापासून कितीतरी लांब. तिथल्या वृद्धाश्रमात पॅट्रिक पडला होता. कुंपणापलीकडचा पॅट. जन्मभर धक्क्यावर क्रेन चालवून त्याची फुप्फुसं आता थकली होती.

बीट्रिस आणि तिचा नवरा ल्यूक वसईहून आले, तेव्हा याच माणसाने तिला गाडी शिकवली होती, पुढे त्यांच्या लेकीला, एमाला, सायकल. बायको गेल्यापासून तो रविवारी यांच्याच टेबलावर जेवायचा. डुकराच्या मटणाचं झणझणीत सोरपोतेल ओरपताना डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी पुन्हा वाटी पुढे करायचा.

त्याने मागितलं होतं एकच. "बी, माझी बहीण शोध. नोरा. ती नसेल तर तिच्या घरचं कोणी. मरायच्या आधी एकदा तोंड दाखवायचंय."

वसईच्या बाईने शोध सुरू केला तो वसईच्याच रीतीने, म्हणजे चर्चपासून. तिच्या गावात फादरना विचारलं की चार पिढ्या बाहेर पडतात. तिने बंदराकडच्या एकेका कॅथलिक चर्चला फोन लावले. लॉकडाउनमुळे सगळे घरात कोंडलेले. फोन उचलणाऱ्या म्हाताऱ्या ठेवायलाच तयार नव्हत्या. थोडं एकीने सांगितलं, थोडं दुसरीने. दुपारी व्हिडिओ कॉलवर ती ते पॅटच्या पुढ्यात मांडायची.

"तुझा पणजोबा आयर्लंडमधून उपाशी निघाला. कॉर्कहून. इथे खाणीत दगड फोडायचा. त्याचं नाव पॅट्रिक. आजोबा पॅट्रिक. बाप पॅट्रिक. तुम्हाला दुसरं नाव सुचलंच नाही का रे?"

"नवीन नावाला पैसे पडायचे, लव्ह." पॅट हसला आणि खोकत राहिला.

"आज गुळगुळीत दिसतोयस."

"इथल्या बॉसने दाढी केली. स्वतः येतो रोज. दोन मास्क, चष्मा, वर गाऊन. माणूस आहे की पार्सल, देव जाणे. बोलत काही नाही, पण हात हलका आहे त्याचा."

"मला आत सोडत नाही, आणि तुझे लाड करतो?"

"जळू नकोस, मेट."

पणजोबा सापडला, आजोबा सापडला. नोरा सापडेना.

"एकाही चर्चला माहीत नाही, म्हणजे ती गेलीच असणार," ल्यूक जेवताना म्हणाला.

"ऑर शी मॅरीड आउट," एमा मोबाइलमधून मान न काढता म्हणाली. "नॉट कॅथलिक. सिंपल. आपल्यात असं कोणी केलं तर काय करतात, डॅड?"

ल्यूक भात कालवत राहिला. "घरात नाव घेत नाहीत."

बीट्रिसच्या हातातला डाव तसाच राहिला. इतके आठवडे ती नोराला शोधत होती, आणि तेही जिथे तिचं नाव घ्यायला बंदी, नेमक्या त्याच दारांत.

दुसऱ्या दिवशी तिने पॅटला सरळ विचारलं, "नोराने लग्न कोणाशी केलं?"

पॅटने छताकडे तोंड वळवलं.

"प्रॉटेस्टंटाशी. मेथडिस्ट होता. आई जायला टेकली होती, तेव्हा दारात आली. कडेवर पोर. मी आतून कडी घातली. आईने विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, वारा."

बीट्रिसला रागवायचं होतं. तिला जमलं नाही.

"आपल्या धर्मात नाही बसत, असं तेव्हा सगळेच म्हणायचे," पॅट म्हणाला. "पण कडी माझ्या हाताने लागली."

मग तिने मेथडिस्टांच्या जुन्या चर्चची माणसं धुंडाळली. दोन फोनांत रेनी नावाची म्हातारी मिळाली. नोराची मैत्रीण.

"नोरा गेली गं. बरीच वर्षं झाली. भावाचा विषय निघाला की उठून चहा करायला जायची. तिचा मुलगा आहे ना, वेस्ली. एकुलता. सोन्यासारखा पोरगा."

"कुठे असतो तो?"

रेनीने सांगितलं. बीट्रिसने तिला पत्ता पुन्हा एकदा सांगायला लावला.

पंचवीस किलोमीटरची मुभा मिळाली, त्या सकाळीच ती निघाली. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. वृद्धाश्रमाच्या फाटकावर तिने घंटा दाबली. मॅनेजर बाहेर आला. मास्क, चष्मा, गाऊन.

"मॅडम, मी सांगितलंय तुम्हाला. घरचं कोणी असेल तरच."

"आहे. बहिणीचा मुलगा."

मॅनेजरने फाटकावरचा हात काढला. मग म्हणाला, "तो नाही यायचा."

"येतो की. रोज येतो."

त्याने चष्मा काढला. काच पुसायला लागला, पुसतच राहिला. बीट्रिसने फाटकाच्या गजांना धरलं. ओरडायचं ठरवून आली होती. आवाज निघाला तो अगदी खालचा.

"आत तुमचा मामा आहे, वेस्ली. त्याला तुम्ही सांगताय, की मी सांगू?"