सुरात बसवलेला आवाज

"हा मधला आवाज कसला आहे?" ताईने विचारलं.

बाळ्याला प्रश्न आवडला. बाबा गेल्यानंतर ताई पहिल्यांदाच त्याच्या स्टुडिओत आली होती आणि नेमका तोच आवाज तिच्या कानाने टिपला होता. तो हौसेने वाजत असलेला ट्रॅक थराथराने समजावू लागला. सगळ्यात खाली न हलणारा खर्ज. त्यावर सिंथेसायझरचे दोन थर, एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून वेगवेगळ्या उंचीवर ठेवलेले. सगळं सुरात होतं, तरी कोरडं वाटत होतं. मग हा आवाज मिळाला आणि ट्रॅकला एकदम ऊब आली.

"मिळाला कुठे?"

त्याने जरा अडखळत सांगितलं. बाबांच्या आजारपणात तिने फोनवरून पाठवलेलं रेकॉर्डिंग. ते खूप ताणलं, खरखर काढली, दोन सुरांच्या मध्येच लोंबकळत होतं ते उचलून नीट सुरात बसवलं. हा ट्रॅक बाबांसाठीच आहे, तो म्हणाला. लोक सांगतात, डोळे मिटून ऐकलं की शांत वाटतं.

"तू त्यावर संगीत करावंस म्हणून नव्हतं पाठवलं मी," ताई म्हणाली. "तू यावंस म्हणून पाठवलं होतं."

तो कार्यक्रमांच्या तारखांचं, न मिळालेल्या तिकिटाचं काहीतरी सांगू लागला. तिने ते मध्येच तोडलं. तो आवाज होता तसा लाव म्हणाली. बाकीच्या थरांशी त्याचं जमणार नाही, कानाला टोचेल, असं तो म्हणाला.

"टोचू दे. लाव."

त्याने ताण काढला, सूर मूळ जागी सोडला. संथ, गोड सिंथवर बाबांचा फाटका आवाज येऊन आदळला.

"बाळ्या... आलास का रे?" मग धाप. मागे कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज. "बाळ्या, आलास का?"

त्याचा हात बंद करायला पुढे झाला. ताईने त्याचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की तिचीच बोटं पांढरी पडली.

"बेसूर वाटतं ना तुला? मी दीड महिना ऐकलंय हे. रोज खोटं सांगितलं त्यांना, निघालाय म्हणून."

ट्रॅक संपला आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. "बाळ्या... आलास का रे?"

ताईने मनगट सोडलं नाही.

"आज तू सांग त्यांना," ती म्हणाली.