पुसलेला माणूस

अटक होणार हे कळताच रेवती मोहोडने आपल्या डोक्यातून एक माणूस पुसून घेतला. पोलिसांकडे मन वाचणारं यंत्र आल्यापासून बातमीदार असंच करत. कैद्यांवर चोरून औषधांचे प्रयोग होतात, ही बातमी तिला ज्याने दिली, त्याचं नाव, चेहरा, त्याची एकूण एक आठवण आता गेली होती. म्हणून ती निर्धास्त होती.

यंत्राने तिचं डोकं पिंजून काढलं, पण हाती काही लागलं नाही. शेवटी चौकशी अधिकारी बर्डे यांनी यंत्र बंद करून तिच्यासाठी चहा मागवला.

"जिंकलात मॅडम. घरचे न्यायला आलेत."

आई आत आली, तशी रेवती तिच्या गळ्यातच पडली. मागून वहिनी आली, तिनेही तिला जवळ घेतलं. त्यांच्यामागे एक उंच माणूस डोळे पुसत उभा होता.

रेवतीने अदबीने हात जोडले. "नमस्कार. आपण कोण?"

"अगं, असं काय करतेस?" आई घाबरून म्हणाली. "आपला अविनाश ना हा! तुझा सख्खा भाऊ!"

बर्डे शिपायांकडे वळले. "जो हिला आठवत नाही, तोच आपल्याला हवा होता. तुरुंगाचे डॉक्टरसाहेब. घ्या ताब्यात."

वहिनीने हंबरडा फोडला. बेड्या पडताना अविनाश रेवतीकडेच बघत होता.

"रडू नकोस, ताई," तो म्हणाला.

रेवतीने खूप प्रयत्न केला, पण तिला रडू येईना.