परमुलखातला महांतप्पा

सोलापूरच्या कॉलेजात परमुलखातल्या पोरांची काळजी त्र्यंबकराव प्रोफेसरांकडं होती, आणि ते ती जरा जास्तच करायचे. निजामाच्या राज्यातल्या तामलवाडीचा महांतप्पा दिवाळीला एकटा कसा जाईल, म्हणून त्याला सायकलवर मागं बसवून ते स्वतःच निघाले. हद्दीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायानं महांतप्पाला हसत सोडलं आणि प्रोफेसरांनाच अडवलं.

"सोडा चाचा, आपलेच हायती," महांतप्पानं हमी घेतली, तेव्हा कुठं सुटका झाली.

घरी इरम्मानं त्यांना पोटभर जेवू घातलं आणि लेकाला दटावलं, "परमुलखातलं माणूस, एकटं कसं जाईल? जा, सोडून ये."

आता महांतप्पा पुढं, प्रोफेसर मागं. सोलापुरात दारापुढं उतरून महांतप्पानं नमस्कार केला. प्रोफेसरांनी सायकल पुन्हा वळवली.

"अरे, पण आता तू एकटा कसा जाणार? बस मागं."